सिरियल केबलवरून कर्नल डीबगिंग: बॉड रेट ठरवायचा आणि जुळवायचा कसा

कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, बिघाड त्याच मशीनवर बसून शोधणं अवघड असतं, कारण ज्या कर्नलच्या जिवावर डीबगर चालतो तोच थांबवायचा असतो. म्हणून दोन मशीन लागतात. ज्याचा कर्नल तपासायचा ते टार्गेट, आणि जिथे जीडीबी हा डीबगर उघडून तुम्ही बसता तो होस्ट. दोघांच्या मध्ये सिरियल केबल.

नेटवर्क असताना, यूएसबी असताना एवढी जुनी तार कशाला, असं नवीन माणसाला वाटणं साहजिक आहे. पण कर्नल ब्रेकपॉइंटवर (डीबगरने ठरवलेल्या जागी) थांबला की इंटरप्ट बंद असतात, शेड्युलर बंद असतो आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले ड्रायव्हरही गप्प बसतात. सिरियल पोर्टच्या यूआर्ट चिपला यातलं काहीच लागत नाही. अक्षर आलं का, हे एका रजिस्टरमध्ये पाहायचं आणि आलं असेल तर दुसऱ्यातून उचलायचं, एवढ्यावर संवाद चालतो. म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही कर्नलचं काम करणारी माणसं ही तार जपून ठेवतात.

नवखे अडकतात ते बहुतेक वेळा वेगापाशी, म्हणजे बॉड रेटपाशी: तारेवरून सेकंदाला किती बिट जातात तो आकडा. इथे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळतात: दोन्ही टोकांचा वेग जुळवणं आणि वेग वाढवणं. आधी ११५२०० वर सगळं जुळवा, साध्या कन्सोलवर त्याची खात्री करून घ्या, मग मधला विलंब काढा, आणि एवढं झाल्यावरही गरज वाटली तरच बॉड वाढवा. हा क्रम मोडला की चूक केबलची, कर्नलची की जीडीबीची, याचा पत्ताच लागत नाही.

पुढची उदाहरणं केजीडीबीची, म्हणजे लिनक्स कर्नलमध्येच असलेल्या डीबगरची आहेत. २००८ साली २.६.२६ या आवृत्तीत तो मुख्य कर्नलमध्ये आला. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टंकायच्या. अपवाद दोन: पोर्टच्या नावात टीटीवाय छोट्या अक्षरांत आणि त्यापुढचं एस, यूएसबी किंवा एएमए कॅपिटलमध्ये, आणि कर्नल कॉन्फिगचे पर्याय व ग्रब या बूटलोडरच्या सेटिंगची नावं पूर्ण कॅपिटलमध्ये.

११५२०० हाच आकडा का

पीसीवरचा सिरियल पोर्ट १६५५० या यूआर्टच्या घराण्यातला असतो. त्याला १.८४३२ मेगाहर्ट्झचं घड्याळ दिलेलं असतं आणि चिप एकेका बिटासाठी त्याचे १६ ठोके वापरते. १८४३२०० भागिले १६ म्हणजे बरोबर ११५२००. या आकड्याला पुन्हा एका पूर्णांकाने भागून हवा तो वेग मिळतो. भाजक १ असेल तर ११५२००, २ असेल तर ५७६००, ३ असेल तर ३८४००, १२ असेल तर ९६००. भाजक १ च्या खाली जाऊ शकत नाही, म्हणून अशा पोर्टची कमाल मर्यादा ११५२००.

तुमच्या पोर्टची मर्यादा काय आहे ते कर्नलच बूट होताना सांगतो. डीमेसग या आज्ञेच्या आउटपुटमध्ये टीटीवायएस०, म्हणजे पहिला सिरियल पोर्ट, शोधा. त्या ओळीत पत्ता ०x३एफ८, इरक्यू ४, बेस बॉड ११५२०० आणि १६५५०ए असं काहीसं दिसेल. यातला बेस बॉड हा आपल्या कामाचा आकडा. तो ११५२०० असेल तर २३०४०० मागण्यात अर्थ नाही.

आता वेगाचा हिशोब. नेहमीच्या मांडणीत प्रत्येक अक्षराला एक स्टार्ट बिट, आठ डेटा बिट, पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) नाही आणि एक स्टॉप बिट, म्हणजे एकूण दहा बिट लागतात. त्यामुळे ११५२०० बॉड म्हणजे सेकंदाला ११५२० अक्षरं, आणि ९६०० म्हणजे फक्त ९६०. एक बिट ११५२०० वर सुमारे ८.६८ मायक्रोसेकंद टिकतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तार आणि पोर्ट

दोन पीसींमध्ये नल मोडेम केबल लागते, साधी सरळ केबल चालत नाही. नऊ पिनांच्या कनेक्टरवर २ आणि ३ या पिना एकमेकींशी उलट्या जोडलेल्या हव्यात आणि ५ क्रमांकाची ग्राउंड सरळ. डीबगिंगला या तीन तारा पुरतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत केबल घेणार असाल तर नुसतं ‘सिरियल केबल’ म्हणू नका, नल मोडेम असं स्पष्ट सांगा आणि मल्टिमीटरने २ व ३ ची अदलाबदल तपासून घ्या.

छोट्या बोर्डांवर डीबी९ कनेक्टर नसतो, ३.३ व्होल्टच्या पिना असतात. तिथे ३.३ व्होल्ट पातळीचा यूएसबी-सिरियल अडॅप्टर लावायचा. पीसीच्या आरएस-२३२ पोर्टवर उणे-अधिक अनेक व्होल्ट खेळतात. ती तार बोर्डाच्या पिनेला थेट लावली तर बोर्ड जळू शकतो. ही एक गोष्ट दोनदा तपासून मगच जोडा.

होस्टच्या बाजूला यूएसबी-सिरियल अडॅप्टर खुशाल वापरा. टार्गेटच्या बाजूला मात्र खरा यूआर्टच हवा. केजीडीबी थांबलेल्या कर्नलमध्ये पोर्टला सतत विचारत राहतो, त्याला पोलिंग म्हणतात. ड्रायव्हरमध्ये पोलिंगची सोय नसेल तर केजीडीबी तो पोर्ट वापरू शकत नाही, आणि यूएसबी-सिरियलच्या नेहमीच्या ड्रायव्हरांत ती नसते. लॅपटॉपला सिरियल पोर्ट नाही म्हणून टार्गेटलाही अडॅप्टर लावणारे पुष्कळ जण इथे दिवस घालवतात. पोर्ट नसलेलं मशीन टार्गेट म्हणून निवडूच नका. सरावासाठी क्यूईएमयूचं व्हर्च्युअल मशीन घ्या. तिथे खरी तार नसल्याने दोन टोकांचा बॉड न जुळण्याचा प्रश्नच येत नाही आणि बाकीच्या पायऱ्या शिकता येतात.

पहिली पायरी: डीबगरशिवाय, नुसता कन्सोल

टार्गेटवर /इटीसी/डीफॉल्ट/ग्रब ही फाइल उघडा. ग्रब अंडरस्कोर सीएमडीलाइन अंडरस्कोर लिनक्स या ओळीत हे घाला:

कन्सोल=टीटीवाय० कन्सोल=टीटीवायएस०,११५२००एन८

डेबियन किंवा उबुंटूवर नंतर अपडेट-ग्रब चालवून मशीन पुन्हा सुरू करा. एन म्हणजे पॅरिटी नाही, ८ म्हणजे आठ डेटा बिट.

होस्टवर अडॅप्टर बहुधा टीटीवाययूएसबी० या नावाने दिसतो. पोर्ट उघडताना परवानगी नाकारली गेली तर तुमचा वापरकर्ता डायलआउट गटात घाला, लॉगआउट करून पुन्हा लॉगिन व्हा. मग पिकोकॉम या टर्मिनल प्रोग्रॅमने पोर्ट उघडा:

पिकोकॉम -बी ११५२०० /डेव्ह/टीटीवाययूएसबी०

टार्गेट बूट होताना कर्नलचे संदेश स्वच्छ दिसले पाहिजेत, आणि शेवटी लॉगिन आल्यावर तुम्ही टंकलेलं पलीकडे पोचलं पाहिजे. दोन्ही दिशा तपासा. दिसतंय पण टंकता येत नाही, अशी तक्रार मिनिकॉम हा तसाच दुसरा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांची असते. मिनिकॉममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल मुळातच चालू असतं आणि तीन तारांच्या केबलमध्ये त्यासाठीच्या तारा नसतात. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा.

उबुंटूसारख्या डेस्कटॉपवर आणखी एक उपद्रव असतो. मोडेममॅनेजर नावाची सेवा नवा सिरियल पोर्ट दिसला की तो मोडेम आहे का हे पाहायला त्यावर एटी आज्ञा पाठवून बघू शकते. जीडीबी जोडताना मधूनच विचित्र अक्षरं आली तर होस्टवरची ही सेवा थांबवून पाहा.

पडद्यावर काहीच न येणं आणि कचरा येणं यांत मोठा फरक आहे. काहीच येत नसेल तर तार, पोर्टचं नाव किंवा उलटी न जोडलेली पिन तपासा. चिन्हांचा कचरा येत असेल तर तार शाबूत आहे, वेग जुळत नाही. सुरुवातीचे संदेश नीट आणि मग कचरा, किंवा आधी कचरा आणि मग नीट, असं झालं तर एकाच तारेवर दोन वेगवेगळे वेग लावलेले आहेत. बायोसचं कन्सोल रीडायरेक्शन, ग्रबची स्वतःची सिरियल सेटिंग, कर्नलचा कन्सोल आणि लॉगिन दाखवणारी गेटी, हे सगळे त्याच यूआर्टवर आपापला वेग लिहितात. चौघांकडे ११५२०० लिहा. ग्रबसाठी त्याच फाइलमधल्या सिरियल कमांडच्या ओळीत युनिट ० आणि स्पीड ११५२०० हवं.

लॉजिक अ‍ॅनलायझर (तारेवरचे बिट नोंदवून दाखवणारं उपकरण) हाताशी असेल तर एक सुरेख तपासणी करता येते. कॅपिटल यू हे अक्षर सतत पाठवा. त्याचा कोड ०x५५, म्हणजे बिटांमध्ये ०१०१०१०१. सिरियलवर शेवटचा बिट आधी जातो, पुढे स्टार्टचा शून्य आणि मागे स्टॉपचा एक लागतो, आणि तारेवर दहाच्या दहा बिट आलटून पालटून वर-खाली होतात. प्रत्येक पायरीची रुंदी मोजा. ८.६८ मायक्रोसेकंद आली तर वेग ११५२०० आहे. १०४ च्या आसपास आली तर कुठेतरी ९६०० राहून गेलं आहे. दोन्ही टोकांत एखाद-दोन टक्क्यांचा फरक सहसा खपतो, कारण प्रत्येक अक्षराच्या स्टार्ट बिटावर घेणारा पुन्हा जुळवून घेतो. पाच टक्क्यांवर मात्र दहाव्या बिटापर्यंत अर्ध्या बिटाची चूक साठते आणि स्टॉप बिट हुकतो.

दुसरी पायरी: केजीडीबीला तोच वेग द्यायचा

कर्नल बांधताना कॉन्फिग केजीडीबी, कॉन्फिग केजीडीबी सिरियल कन्सोल, मॅजिक सिसरिक्यू (कर्नलला थेट आज्ञा देण्याची सोय) आणि डीबग माहितीचे पर्याय चालू हवेत. यातला दुसरा मॉड्यूल म्हणून न ठेवता कर्नलमध्येच बसवा, नाहीतर बूटच्या वेळी थांबता येणार नाही. सिक्युअर बूट चालू असेल आणि कर्नल लॉकडाउनमध्ये गेला तर केजीडीबीलाही अडवलं जाऊ शकतं, म्हणून प्रयोगाच्या मशीनवर ते बंद ठेवा. मग कन्सोलच्या त्याच ओळीत पुढे:

केजीडीबीओसी=टीटीवायएस०,११५२०० केजीडीबीवेट नोकास्लर

क्रम महत्त्वाचा आहे. केजीडीबीवेट हा शब्द केजीडीबीओसीच्या नंतरच यायला हवा. त्यामुळे कर्नल बूटच्या सुरुवातीलाच थांबून जीडीबीची वाट पाहतो. नोकास्लर न दिल्यास दर बूटला कर्नल वेगळ्या पत्त्यावर बसतो आणि होस्टवरच्या व्हीएमलिनक्स (बांधलेल्या कर्नलच्या) फाइलमधले पत्ते खोटे ठरतात.

बूटनंतर चालत्या मशीनवर सुरू करायचं असेल तर रूट होऊन /सिस/मॉड्यूल/केजीडीबीओसी/पॅरामीटर्स/केजीडीबीओसी या फाइलमध्ये ‘टीटीवायएस०,११५२००’ एवढं लिहा. स्वल्पविरामानंतरचा वेग गाळू नका. तो गाळला तर आधी कुणी जो वेग लावून ठेवला असेल त्यावरच गाडी चालते, आणि तो कुणी लावला हे शोधत बसावं लागतं.

थांबवायची सोपी वाट म्हणजे टार्गेटवर रूट म्हणून /प्रॉक/सिसरिक्यू-ट्रिगर या फाइलमध्ये जी हे अक्षर लिहिणं. मशीन गोठलं असेल तर सिरियलवरून ब्रेक हा खास सिग्नल पाठवून पाच सेकंदांच्या आत जी दाबायचं. मिनिकॉममध्ये ब्रेकसाठी कंट्रोल ए आणि मग एफ. ही वाट टीटीवायएस० हा कन्सोल असेल तरच चालते, आणि सिसरिक्यूची परवानगीही लागते. उबुंटूत सिसरिक्यूची नेहमीची किंमत १७६ असते, म्हणजे १२८, ३२ आणि १६. जीसाठी लागणारा ८ त्यात नाही. म्हणून आधीच /प्रॉक/सिस/कर्नल/सिसरिक्यू मध्ये १ लिहून ठेवा.

ब्रेक पाठवल्यानंतर अचानक वेगच बदलला तर गेटीकडे पाहा. अगेटी या नेहमीच्या गेटीला वेगांची यादी दिलेली असली, म्हणजे ११५२००, ५७६००, ३८४००, ९६०० अशी, की ब्रेक मिळाल्यावर ती पुढच्या वेगावर उडी मारते. सेवेच्या ओळीत फक्त ११५२०० ठेवा.

आता होस्ट. पिकोकॉम बंद करा, कारण एकाच पोर्टवरून दोन प्रोग्रॅम वाचायला लागले की अक्षरं त्यांच्यात वाटली जातात. जीडीबीत त्याच बिल्डची, डीबग माहिती असलेली व्हीएमलिनक्स फाइल उघडा आणि:

सेट सिरियल बॉड ११५२००
टार्गेट रिमोट /डेव्ह/टीटीवाययूएसबी०

आधी बॉड, मग टार्गेट. जुन्या जीडीबीत पहिल्या आज्ञेचं नाव सेट रिमोटबॉड असं होतं. बॉड सांगितलाच नाही तर जीडीबी पोर्टचा वेग बदलत नाही, आधीच्या प्रोग्रॅमने सोडलेला वेगच राहतो. त्यामुळे काल चाललं आणि आज नाही, असा प्रकार घडतो.

जीडीबीतून कंट्रोल सी दाबून टार्गेट थांबेल अशी अपेक्षा ठेवू नका, केजीडीबीओसी ते करत नाही. सिसरिक्यूचा जी हीच वाट. कन्सोल आणि जीडीबी एकाच तारेवर वेगवेगळे हवे असतील तर केजीडीबीच्याच लोकांनी लिहिलेला एजंट-प्रॉक्सी नावाचा छोटा प्रोग्रॅम मध्ये बसवता येतो.

वेळ खरा कुठे जातो

इथवर आलात की डीबगर चालतोय, पण प्रत्येक स्टेपला अडखळतोय असं वाटेल आणि हात लगेच बॉड वाढवायला जाईल. थांबा. जीडीबीत सेट डीबग रिमोट १ द्या आणि तारेवर काय जातं ते डोळ्यांनी पाहा. जीडीबी रजिस्टर मागतो तेव्हा पाठवतो ते असं: डॉलरचं चिन्ह, जी हे अक्षर, हॅश आणि ६७. एवढंच. ६७ ही चेकसम, जी अक्षराचा हेक्स कोडच. पाच अक्षरं, ११५२०० वर अर्ध्या मिलिसेकंदापेक्षा कमी. उत्तरात सगळी रजिस्टरं हेक्समध्ये येतात, ६४ बिटांच्या इंटेल मशीनवर तीनशेच्या वर अक्षरं. त्यांना ११५२०० वर तीसेक मिलिसेकंद लागतात, ९६०० वर तीनशेहून जास्त. म्हणून ९६०० वर डीबगिंग खरोखर जाच आहे आणि ११५२०० हा किमान वेग समजावा.

पण बहुतेक उत्तरं इतकी लांब नसतात. ब्रेकपॉइंट लावल्यावर टार्गेट म्हणतो डॉलर, ओके, हॅश, ९ए. सहा अक्षरं, तारेवर अर्धा मिलिसेकंद. होस्टवर एफटीडीआय चिपचा अडॅप्टर असेल तर ती चिप मात्र ही सहा अक्षरं लगेच यूएसबीवर ढकलत नाही. एक पाकीट भरेपर्यंत, नाहीतर लेटन्सी टायमर संपेपर्यंत ती थांबते, आणि हा टायमर मुळात १६ मिलिसेकंदांवर लावलेला असतो. जीडीबीचा संवाद प्रश्न-उत्तराचा आहे. उत्तर आल्याशिवाय पुढचा प्रश्न जात नाही. समजा एका स्टेपला डझनभर प्रश्न गेले, तर निव्वळ थांबण्यात जवळपास २०० मिलिसेकंद जाऊ शकतात. बॉड दहापट केला तरी यातलं काही कमी होत नाही.

उपाय एका ओळीचा आहे. होस्टवर रूट म्हणून /सिस/बस/यूएसबी-सिरियल/डिव्हाइसेस/टीटीवाययूएसबी०/लेटन्सी_टायमर या फाइलमध्ये १ लिहा. अडॅप्टर काढून पुन्हा लावला की हे सेटिंग जातं, म्हणून यूडेव्हच्या (उपकरण जोडल्यावर सेटिंग लावणाऱ्या सेवेच्या) नियमात घालून ठेवलेलं बरं. सिरियल डीबगिंगमध्ये इतक्या कमी कष्टात इतका फायदा देणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. लोक महागडे अडॅप्टर घेतात आणि ही फाइल उघडूनही पाहत नाहीत, याचं मनापासून वाईट वाटतं.

बॉड वाढवायचाच असेल तर

मोठी मेमरी डंप करायची असेल किंवा कन्सोलवर संदेशांचा पूर येत असेल तर जास्त बॉडला अर्थ आहे. तीन आकडे पाहा: टार्गेटच्या यूआर्टचं घड्याळ, होस्टच्या अडॅप्टरची कमाल, आणि हवा तो वेग या दोघांना किती अचूक जमतो. अडॅप्टरमधल्या चिपांपैकी एफटी२३२आर ३० लाख बॉडपर्यंत जातो. मूळ सीपी२१०२ ची कमाल १० लाख. रॉकचिपच्या अनेक बोर्डांचा कन्सोल मुळातच १५००००० वर असतो, म्हणजे मूळ सीपी२१०२ तिथे चालणारच नाही. कचरा येतो, आणि माणूस बोर्डाला दोष देतो.

रास्पबेरी पायवर वेगळीच गोम आहे. पाय ३ आणि ४ वर जीपीआयओ १४ आणि १५ या पिनांवर मुळात मिनी यूआर्ट येतो, कारण पीएल०११ हा चांगला यूआर्ट ब्लूटूथला दिलेला असतो. मिनी यूआर्टचा बॉड कोर घड्याळावरून काढला जातो. ते घड्याळ कामाच्या भाराप्रमाणे कमी-जास्त झालं की बॉडही सरकतो. कॉन्फिग फाइलमध्ये एनेबल_यूआर्ट=१ दिल्यावर कोर घड्याळ स्थिर राहतं. त्याहून बरं म्हणजे डिसेबल-बीटी हा ओव्हरले देऊन ब्लूटूथ सोडायचं आणि पीएल०११ पिनांवर आणायचा. मग पोर्टचं नाव टीटीवायएस० ऐवजी टीटीवायएएमए० होतं, आणि कन्सोल व केजीडीबीओसी दोन्हीकडे ते बदलावं लागतं.

वेग बदलताना एका वेळी एकच पायरी चढा आणि प्रत्येक वेळी आधी कन्सोलवर लांब आउटपुट, उदाहरणार्थ पूर्ण डीमेसग, स्वच्छ येतोय का ते पाहा. एखादंच अक्षर चुकलं तर कन्सोलवर ते डोळ्याला दिसतं. जीडीबीत तीच चूक चेकसम न जुळल्यामुळे पाकीट पुन्हा पाठवण्यात लपते आणि तुम्हाला फक्त मंदपणा जाणवतो.

विंडोजचा कर्नल तपासणाऱ्यांसाठी थोडक्यात. टार्गेटवर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून बीसीडीएडिट /डीबग ऑन, मग बीसीडीएडिट /डीबीजीसेटिंग्ज सिरियल डीबगपोर्ट:१ बॉडरेट:११५२००. सिक्युअर बूट आधी बंद करावं लागतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर त्याआधी तो स्थगित करा, नाहीतर पुढच्या बूटला रिकव्हरी की मागेल. होस्टवर विनडीबीजी -के कॉम:पोर्ट=कॉम१,बॉड=११५२००. पोर्टचा क्रमांक दोन्हीकडे वेगळा असू शकतो, बॉड मात्र सारखाच हवा.

काम संपलं की जीडीबीतले ब्रेकपॉइंट काढा, कंटिन्यू देऊन टार्गेट चालू करा, आणि ग्रबच्या ओळीतून केजीडीबीवेट काढून अपडेट-ग्रब पुन्हा चालवा. ते राहिलं तर पुढच्या वेळी ते मशीन सुरू करणारा माणूस, कदाचित तुमचाच सहकारी, बूटच्या मध्येच थांबलेल्या पडद्यासमोर बसून राहील.